कुत्री गाभण आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? (जिलबीबद्दल, जरा घाईचं)

ऋजुता_सिंहगडरोड | १८ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. आज धनत्रयोदशी, आणि माझ्या डोक्यात धणे-गूळ सोडून भलतंच चालू आहे.

आमची जिलबी. देशी, वय अंदाजे तीन वर्षं (रस्त्यावरून उचललेली, जन्मतारीख तिलाच ठाऊक). ऑपरेशन 'पावसाळा संपला की करू' म्हणत राहून गेलं, हे आधीच कबूल करते, म्हणजे त्यावरून बोलणी नकोत. गणपती बसले तेव्हा ती हीटवर आली. दहा-अकरा दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. विसर्जनाच्या दिवशी, ६ सप्टेंबरला, खाली ढोल सुरू झाले, कुणीतरी दार उघडं टाकलं आणि बाईसाहेब ज्या सुटल्या त्या अडीच तासांनी परत आल्या. कुठे होती, कुणाबरोबर होती, काही पत्ता नाही.

आज बेचाळीस दिवस झाले. पोट खाली ओघळल्यासारखं दिसतंय. सड मोठे आणि गुलाबी झालेत, काल एकातून चिकट पांढरट थेंब आला. दोन दिवसांपासून कपाटाच्या खालच्या कप्प्यात शिरून माझ्या ओढण्या उकरते. नवऱ्याचा एक मोजा तोंडात धरून घरभर फिरते आणि त्याला हात लावला तर गुरगुरते. जेवण अर्ध्यावर आलंय.

सासूबाई म्हणतात, आता संशय कसला, बाळंतविड्याचं बघा. नेहमीचे डॉक्टर दिवाळीला गावी गेलेत. घरी नक्की ओळखता येतं का? आणि किती घाई करायची?

चकलीचा_सोऱ्या | ९.५२

दिवाळीत जिलबी फुगली यात नवल ते काय!

खादाडभाऊ_ठाणे | १०.०५

आमची चिंगी (लॅब, अडीच वर्षं) पण अश्शीच फुगलीय. पण आमच्याकडे संशयाला जागा नाही. कारण चिवडा. बायको तळते, चिंगी वाट अडवून बसते. घरात दुसरा फक्त बंड्या, आणि तो तिचा सख्खा भाऊ, एकाच वेतातला. दर वर्षी राखी बांधतो दोघांना, फोटो टाकू का?

अण्णा_सांगोला | १०.३१

ताई, घाबरायचं काम न्हाई. आमच्याकडं मेंढरं हायेत आन् त्यांच्याबरं कारवानी कुत्री. तीन पिढ्या बघतोय. कुत्री दोन म्हैने धरते, साठ ते पासष्ट दिवस. कारवानी कुत्र्याची छाती खोल आन् पोट आत वढलेलं असतंय, पैल्या वेताला तर शेवटच्या पंधरा दिवसांपर्यंत वरून कायबी कळत न्हाई. म्हून पोट बघून बोलू नये.

आमचा आजा म्हैनाभरानं पोटाला हात लावून सांगायचा. बोटाला गाठी लागत्यात, लिंबाएवढ्या, माळ ओवल्यावानी. मोजून सांगायचा चार हायेत का पाच. पण तुमचे बेचाळीस दिवस झाले, आता त्या गाठी एकमेकीत मिसळल्या असत्याल.

आन् एक. भादव्यात सुटलेली कुत्री मोकळी परत येत न्हाई, असं आमच्यात म्हणत्यात. बाकी खंडोबाला ठावं.

मनकवडी | १०.४०

घरी करायची ती दोन रेघांची कीट चालते का कुत्र्याला? मेडिकलमध्ये पन्नास रुपयांना मिळते. (हसू नका, खरंच विचारतेय.)

चकलीचा_सोऱ्या | १०.४२

नमुना कसा घेणार त्याची चिंता वाटते. वाटी घेऊन मागे मागे?

पशुवैद्य_बदलापूर | ११.२०

दवाखान्यात आहे, मध्ये मध्ये लिहितो.

मनकवडी, ती कीट चालत नाही. बायकांच्या गर्भारपणात जे एचसीजी नावाचं संप्रेरक लघवीत उतरतं ते कुत्रीच्या अंगात तयारच होत नाही. तुमची कुत्री पाच पिल्लांची गाभण असली तरी रेघ एकच येणार.

आता ऋजुताताईंचा मूळ प्रश्न. घरी नक्की ओळखता येत नाही. यात तुमच्या नजरेचा दोष नाही, कुत्रीचं शरीरच फसवं आहे. गाय किंवा बाईमध्ये गर्भ राहिला नाही की शरीराला ते लवकर कळतं आणि चक्र पुढे सरकतं. कुत्रीमध्ये तसं नसतं. माज संपल्यावर प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) वर चढतं ते जवळपास दोन महिने वरच राहतं, पिल्लं असोत वा नसोत. म्हणजे तिच्या अंगाच्या हिशोबाने प्रत्येक हीटनंतर ती 'गाभणच' असते. ते उतरायला लागलं की प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढतं आणि दूध, घरटं करणं, वस्तू कवटाळणं सुरू. याला आम्ही खोटं गाभणपण म्हणतो. हीटनंतर साधारण सहा ते नऊ आठवड्यांत दिसतं. तुमचा सहावा आठवडा संपतोय. म्हणून मी आत्ता हो पण म्हणणार नाही आणि नाही पण.

उलट एक गोष्ट मला खटकतेय. खऱ्या गाभण कुत्रीला दूध सहसा अगदी शेवटी उतरतं, व्यायच्या आधी काही दिवस, कधी फक्त काही तास. बेचाळिसाव्या दिवशी दूध आणि मोजा एकत्र असले तर मी खोट्याच्या बाजूला झुकेन. पण पैज लावणार नाही.

अण्णा, तुमच्या आजोबांचा हात खरा होता. अठ्ठावीस ते पस्तीस दिवसांत त्या गाठी सुट्या लागतात, नंतर गर्भपिशवी एकसंध होते. पण हे सांगोल्याच्या आजोबांनी करावं, बाकीच्यांनी घरी पोट दाबू नये. मूत्राशय, शेण भरलेलं आतडं आणि पिल्लू यातला फरक नवख्याला कळत नाही आणि जोर लागला तर इजा होते.

आत्ता नक्की कळण्याचा सगळ्यात चांगला रस्ता सोनोग्राफी. पंचवीस-अठ्ठावीस दिवसांनंतर हृदयाचे ठोके दिसतात. तुमचे दिवस भरपूर झालेत, जो भेटेल त्याच्याकडे करा. पिल्लं किती ते मात्र सोनोग्राफीत नीट मोजता येत नाही. त्यासाठी एक्स-रे, आणि तो पंचावन्न दिवसांच्या सुमारास, हाडं नीट भरल्यावर. आत्ता काढलात तर पैसे वाया.

ऋजुता_सिंहगडरोड | ११.३४

डॉक्टर, खूप धन्यवाद. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, 'त्या डॉक्टरांना चार मुलं झालीत का?'

केतकी_आठल्ये | ११.५०

कपाटात शिरते यावरून काही ठरवू नका हं. आमची पिंकी दर दिवाळीत न्हाणीघरातल्या बंबामागे मुक्काम ठोकते. फटाके! तुमच्याकडे सुरू झाले ना दोन दिवसांपासून?

ऋजुता_सिंहगडरोड | ११.५३

अगंबाई. हो. गुरुवारी रात्रीपासूनच. हे डोक्यातच आलं नाही.

शब्दखोर | १२.१५

जरा अवांतर. कुत्रीला 'गाभण' म्हणावं की 'गरोदर'? गाय-म्हैस गाभण, बाई गरोदर हे ठीक. घरात सोफ्यावर झोपणाऱ्या, नावाने हाक मारल्यावर वळून बघणाऱ्या जिलबीला गाभण म्हणताना जीभ अडते.

केतकी_आठल्ये | १२.२२

आमच्या आजोळी कुत्री 'पोटुशी'. आणि पिल्लं झाली की 'व्याली'. बाळंत फक्त बाई आणि मांजर. मांजर का ते विचारू नका, आजीचं मांजरावर प्रेम होतं.

अण्णा_सांगोला | १२.४०

गाभणच म्हणा. कुत्रीला राग येत न्हाई.

विदर्भवीर_नागपूर | दुपारी १.१०

खोट्या गाभणपणाचा अनुभव लिहितो. २०१९, आमची पॉमेरेनियन स्विटी. टीव्हीचा रिमोट उचलला अन् दिवाणाखाली नेऊन ठेवला. त्याला चाटे, त्याच्याभोवती गोल होऊन झोपे. क्रिकेटची मॅच अन् रिमोट तिच्या पोटाखाली! बाबा काढायला गेले तर चावली बाबू, टाका पडला. दूध असं की चादर ओली.

आईने दया येऊन रोज कोमट तेलाने सडांना मालिश सुरू केलं, गाठ होऊ नये म्हणून. दोन आठवडे झाले, दूध काही थांबेना. शेवटी दवाखान्यात गेलो तर डॉक्टर हसले, म्हणे काकू, तुम्हीच दूध काढून राहिल्या. हात लावणं बंद केलं, जुना टी-शर्ट घातला चाटू नये म्हणून, रिमोटच्या जागी काही ठेवलं नाही, फिरवणं वाढवलं. दहा दिवसांत साफ.

पशुवैद्य_बदलापूर | १.३०

तंतोतंत. सडाला हात, शेक, मालिश यातलं काहीही करू नका, त्याने दूध वाढतंच. फारच त्रास असेल तर प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी असते, ती डॉक्टर देतील. आणि या काळात गर्भाशय काढायचं ऑपरेशन करू नये, लक्षणं लांबतात. सगळं शांत होऊ द्यायचं.

सुमतीकाकू_गिरगाव | २.०५

मुली, खरं असो वा खोटं, अशक्तपणा येतोच. डिंकाचा लाडू दे रोज अर्धा. सुनेच्या वेळचे उरलेत माझ्याकडे, ये घेऊन जा.

मनकवडी | २.०९

काकू, नको!! डिंकाच्या लाडवात मनुका-बेदाणे असतात ना? ते कुत्र्याला विष आहेत, मूत्रपिंडं निकामी होतात. जायफळही वाईट.

सुमतीकाकू_गिरगाव | २.२०

अग बाई, ठाऊक नव्हतं. मी शेजारच्या मोत्याला घालायचे की! बरं झालं सांगितलंस.

पशुवैद्य_बदलापूर | २.५०

मनकवडी बरोबर. आणखी एक, कॅल्शियमच्या बाटल्या. 'गाभण आहे' कळलं की लोक स्वतःच सुरू करतात. गाभणपणात बाहेरून जास्त कॅल्शियम दिलं की हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणण्याची शरीराची सवय मंदावते. मग पिल्लं झाल्यावर दुधासाठी एकदम मागणी आली की रक्तातलं घसरतं आणि कुत्री थरथरत झटके देते. लहान जातीत हे जास्त. साधं चांगलं अन्न, शेवटच्या तीन आठवड्यांत थोडं वाढवून, थोडं थोडं. बस.

निशिगंध_मिरज | ४.१५

मला वाईट बोलायचं नाहीये, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही म्हणून लिहिते. ऋजुता, जिलबी पाणी किती पिते? मागून काही स्राव आहे का?

आमची ज्यूली नऊ वर्षांची होती. हीटनंतर महिना-सव्वा महिन्याने पोट वाढलं, सुस्त झाली, खाणं सुटलं. आम्ही दोघंही शिकलेली माणसं, आणि आम्ही काय ठरवलं? गेटपाशी बसणाऱ्या काळ्याची पिल्लं असणार. आठ दिवस लाडाने पेज भरवली. ती पाण्याचं भांडं रिकामं करायची, पुन्हा मागायची. त्याचंही कौतुक, 'दोघांसाठी पितेय.' नवव्या दिवशी ओकली आणि उभी राहीना. गर्भाशयात पू झाला होता. तोंड बंद होतं म्हणून बाहेर थेंब आला नाही, सगळं आत साठलं. रात्री ऑपरेशन केलं. वाचली, पण टेबलावर घेताना डॉक्टरांनी 'सही करा' म्हणून कागद पुढे केला तेव्हाचा माझा हात अजून आठवतो.

जिलबी लहान आहे, तिला असं नसेलही. पण 'दिवाळी झाल्यावर बघू' करू नका.

ऋजुता_सिंहगडरोड | ४.३३

पाणी नेहमीसारखं. स्राव नाही. पण आता पोटात गोळा आलाय. सोमवारी सकाळी कोथरूडला एक दवाखाना उघडा आहे, वेळ घेतली.

पशुवैद्य_बदलापूर | ५.००

निशिगंधताईंनी लिहिलं ते या धाग्यातलं सगळ्यात कामाचं. पाणी वाढलं, उलटी झाली, घाणेरडा स्राव दिसला किंवा ताप आला तर सोमवारपर्यंतही थांबायचं नाही. त्याच रात्री निघायचं.

वास्तुरसिक_नाशिक | सायं. ६.१२

माझं मत वेगळं आहे. मादीला एकदा तरी आईपण मिळू द्यावं, मगच ऑपरेशन. निसर्ग आहे तो. त्याने स्वभाव शांत होतो.

निशिगंध_मिरज | ६.२०

काका, आदर ठेवून सांगते, कुत्री 'माझं आईपण राहून गेलं' म्हणून खिडकीत उसासे टाकत बसत नाही. पिल्लांना घरं कोण शोधणार?

वास्तुरसिक_नाशिक | ६.२८

आमच्या वेळी सहाही पिल्लं वाटली गेली होती.

निशिगंध_मिरज | ६.३०

आमच्या वेळी सातांपैकी तीन. चार आजही माझ्याकडेच आहेत. या मिरजेला, मोजून घ्या.

पशुवैद्य_बदलापूर | ६.५५

एकदा व्याल्याने तब्येतीला फायदा होतो असं काही नाही. उलट लवकर ऑपरेशन केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो, आणि गर्भाशयच नाही म्हटल्यावर पू कुठे होणार? यावर वेगळा धागा काढा, इथे जिलबी राहून जाईल.

पावट्याची_उसळ | १९ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

माझी शंका. समजा जिलबी खरंच गाभण असेल आणि अडीच तासांत दोन-तीन उमेदवार भेटले असतील, तर पिल्लांचा बाप कोण धरायचा?

पशुवैद्य_बदलापूर | ८.४०

एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं होऊ शकतात. एक काळं, एक तांबडं, एक ठिपक्यांचं दिसलं की लोक 'आजोबांवर गेलंय' म्हणतात. कधी कधी आजोबांचा काही संबंध नसतो.

पावट्याची_उसळ | ८.४४

डॉक्टर, एक भाबडी शंका अजून. हे खादाडभाऊंचं राखीचं...

पशुवैद्य_बदलापूर | ८.५१

कालपासून तेच लिहू की नको करत होतो. खादाडभाऊ, बंड्याचं ऑपरेशन झालंय का? आणि चिंगी हीटवर शेवटची कधी आली होती?

खादाडभाऊ_ठाणे | ९.३०

नाही झालं. चिंगी गौरींच्या आसपास आली होती. पण डॉक्टर, सख्खे भाऊ-बहीण हो! एका ताटात जेवतात. इतक्या हीट गेल्या, कधी काही नाही.

पशुवैद्य_बदलापूर | ९.४१

कुत्र्यांना नातं कळत नाही. आजवर नशीब चांगलं होतं एवढंच. दिवाळी झाली की दाखवून घ्या.

चकलीचा_सोऱ्या | ९.४३

राखी तपासून बघा, गाठ सैल बांधली असेल.

ऋजुता_सिंहगडरोड | २० ऑक्टोबर, दुपारी १२.३०

अभ्यंगस्नान उरकून, फराळ न करता, जिलबीला घेऊन गेले. पोटावरचे केस थोडे भादरले, जेल लावलं, आणि बाई चक्क झोपून गेल्या.

गर्भाशय रिकामं. एकही पिल्लू नाही. पू नाही, पाणी नाही, सगळं साफ. खोटं गाभणपण. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन फिरवून दाखवलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण गाडीत ती तो मोजा हनुवटीखाली घेऊन बसली होती आणि मला रडू आलं. का ते माहीत नाही.

सूचना विदर्भवीरांनी लिहिल्या त्याच. सडाला हात नाही, टी-शर्ट घालायचा, फिरवणं वाढवायचं, मोजा एकदम हिसकायचा नाही, ती बाहेर गेली की गुपचूप उचलायचा. दोन-तीन आठवड्यांत न उतरलं तर गोळी. सगळं शांत झालं की ऑपरेशन, तारीख आत्ताच लिहून घेतली.

सासूबाईंनी काढून ठेवलेली दुपटी परत ट्रंकेत गेली. त्या जिलबीशी दोन तास बोलल्या नाहीत.

अण्णा_सांगोला | १.०५

चला, ब्येस झालं. म्हण खोटी पडली, आनंदानं मान्य करतो.

शब्दखोर | १.२०

मग 'खोटी गाभण'ला आपल्याकडे जुना शब्द काय? गुराख्यांत असणारच.

(यावर पुढे कुणी लिहिलं नाही, म्हणजे मलाच शोधावा लागणार.)

खादाडभाऊ_ठाणे | ३० ऑक्टोबर, रात्री ९.५०

धागा वर काढतोय. हसून घ्या सगळ्यांनी एकदाच.

आज चिंगीचा एक्स-रे काढला. चिवडा नाही. सात मणके दिसतायत, ओळीत आगगाडीचे डबे लावल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, दिवस भरत आलेत, आठवडाभर धरा. बायकोने बंड्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी लग्नानंतर माझ्याकडे एकदाच बघितली होती.

आता सांगा काय काय करू. हात थरथरतोय.

चकलीचा_सोऱ्या | ९.५१

🙏 शब्द संपले.

पशुवैद्य_बदलापूर | १०.३०

अभिनंदन म्हणू का? म्हणतो. घाबरू नका, लॅब चांगल्या आया असतात.

एक खोली शांत करा, तिला वळता येईल एवढं खोकं, जुन्या चादरी. बंड्या दुसऱ्या खोलीत. उद्यापासून दिवसातून दोनदा शेपटीखाली थर्मामीटर लावून तापमान लिहा. नेहमी एकशे एक-दोन असतं, ते नव्व्याण्णवच्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत सुरू होईल. जोराच्या कळा अर्धा तास देऊनही पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा स्राव दिसला, तर गाडी काढा. रात्री कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवा, त्या वेळी फोन शोधत बसू नका.

बंड्याचं ऑपरेशन लवकर उरका. आणि झाल्यावरही महिना-दीड महिना त्याला चिंगीपासून लांब ठेवा, आधीचं बीज शिल्लक असतं.

निशिगंध_मिरज | १०.४५

पिल्लं देताना आई-बाप सख्खे भाऊ-बहीण आहेत हे लपवू नका, आणि घेणाऱ्याकडून ऑपरेशनचं कबूल करून घ्या. पैदास करणाऱ्याच्या हाती एकही जाऊ देऊ नका.

खादाडभाऊ_ठाणे | ५ नोव्हेंबर, पहाटे ५.२०

काल दुपारी अठ्ठ्याण्णव पॉईंट सहा. रात्री अकराला पहिलं, पावणेचारला शेवटचं. आठ! एक्स-रेत सात होती, आठवं कुणाच्या तरी मागे लपलेलं. चौथ्यानंतर दीड तास काहीच नाही, मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा, आणि तेवढ्यात दोन लागोपाठ. वार चिंगीनेच खाल्ली, मी खिडकीतून बाहेर बघत होतो. सगळी पीत आहेत. सहा पिवळी, दोन काळी.

आज त्रिपुरी पौर्णिमा म्हणून आई एका पिल्लाचं नाव पणती ठेवतेय. बंड्या दाराबाहेर झोपलाय, त्याला काहीच माहीत नाही असा चेहरा आहे.

ऋजुता_सिंहगडरोड | सकाळी ७.०५

खादाडभाऊ, अभिनंदन! चिंगीला माझ्याकडून थोपटा.

जिलबीचं दूध आटलं, परवा मोजा तिने स्वतःहून सोफ्याखाली टाकून दिला. सासूबाई मघापासून विचारतायत, ठाण्याला जायला किती वेळ लागतो. मी उत्तर दिलेलं नाही.

खादाडभाऊ_ठाणे | ७.१२

ट्रॅफिक नसेल तर तीन तास. दुपटी घेऊन या म्हणावं. पण आठ आठवड्यांनी.